‘एक्सपोनेन्शियल’ वाढ म्हणजे नेमकी कोणती वाढ? वहीत मोजून शिकायचा एक इंग्रजी शब्द

तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून इंग्रजी पेपर वाचायला लागलं की हा शब्द पहिल्या आठवड्यातच भेटतो. रुग्णसंख्या एक्सपोनेन्शियल वाढली, कंपनीची उलाढाल एक्सपोनेन्शियली वाढली, किडीचा प्रादुर्भाव एक्सपोनेन्शियल झाला. बहुतेक जण ‘खूप वेगानं’ असा अर्थ धरतात आणि पुढच्या ओळीवर जातात. परीक्षेतल्या उताऱ्यापुरतं तेवढ्यावर भागतंही. पण हा शब्द वेगाबद्दल नाहीच, तो वाढीच्या रीतीबद्दल आहे. ही रीत आपल्या गावात रोज दिसते: पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीच्या झाडावरच्या अळीत, सावकाराच्या वहीत, तलावातल्या वेलीत. सुरुवातीला ती इतकी किरकोळ वाटते की कोणी लक्ष देत नाही, आणि लक्ष जातं तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून हा शब्द पाठ करण्यापेक्षा मोजून शिकावा, असं माझं ठाम मत आहे. वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

पायरी १: आधी उच्चार आणि मूळ अर्थ

उच्चार एक्स-पो-नेन-शल असा होतो, जोर ‘नेन’वर. आपल्याकडे लिहिताना ‘एक्सपोनेन्शियल’ असं लिहितात, ते चालतं. हे विशेषण आहे, म्हणून नामाच्या आधी येतं: एक्सपोनेन्शियल ग्रोथ, एक्सपोनेन्शियल राइज. क्रियापदाबरोबर वापरायचं असेल तर ‘एक्सपोनेन्शियली’ होतं: द पेस्ट ग्रू एक्सपोनेन्शियली, म्हणजे कीड पटीनं वाढत गेली.

शब्दाचं मूळ ‘एक्सपोनंट’मध्ये आहे. संख्येच्या डोक्यावर उजवीकडे जो छोटा आकडा लिहितात तो, म्हणजे आपला शाळेतला घातांक. जर्मन गणिती मायकेल श्टीफेल यांनी १५४४ मध्ये हा शब्द या अर्थानं वापरला. दोनाचा घात तीन म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. तेव्हा एक्सपोनेन्शियल वाढ म्हणजे दर ठरावीक काळानंतर त्याच पटीनं होणारी वाढ. मराठीत तिला घातांकी वाढ म्हणतात, आणि पैशाच्या बाबतीत आठवीच्या गणितातला चक्रवाढ हा शब्द नेमका तेच सांगतो.

आपल्या जुन्या शाळांत सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे पाढे घोकून घेत. पेरणीच्या वेळी धान्य सवाईनं किंवा दिढीनं उसनं आणायची पद्धत होती. एक पोतं नेलं तर हंगामाला दीड पोतं परत. पीक बुडालं आणि देणं पुढच्या हंगामावर गेलं तर त्या दीड पोत्यावर पुन्हा दिढी. दुसऱ्या हंगामाला सव्वादोन, तिसऱ्याला तीन पोत्यांच्या वर, चौथ्याला पाच. पट तीच, दीडच. पण पहिल्या हंगामात अर्धं पोतं वाढलं आणि चौथ्या हंगामात जवळपास पावणेदोन पोती वाढली. आपल्या आजोबांना इंग्रजी शब्द ठाऊक नव्हता, पण ही वाढ पुरती ठाऊक होती.

पायरी २: फरक काढा, मग पट काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, इथे घाई करू नका. कोणतीही वाढणारी गोष्ट घ्या आणि सारख्या अंतरानं तिचे आकडे एकाखाली एक लिहा. दर आठवड्याला, दर महिन्याला किंवा दर वर्षाला, पण अंतर सारखंच हवं. शेजारी दोन रकाने आखा. पहिल्यात नवा आकडा वजा जुना आकडा, म्हणजे फरक. दुसऱ्यात नवा आकडा भागिले जुना आकडा, म्हणजे पट.

दहा बायांचा बचत गट घ्या. प्रत्येकीनं महिन्याला १०० रुपये टाकले तर जमा होते १०००, २०००, ३०००, ४०००. फरक दर वेळी १०००. पट मात्र आधी २, मग दीड, मग १.३३, अशी उतरत जाते. ही सरळ वाढ झाली. चांगलीच वाढ आहे, पण ती एक्सपोनेन्शियल नाही. गटानं हे पैसे आपसात कर्जानं फिरवले आणि आलेलं व्याज पुन्हा कर्जानं दिलं, तरच ती तिकडे वळायला लागते.

आता कपाशीतला कामगंध सापळा घ्या, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून अडकवणारा सापळा. समजा एका रात्रीत सरासरी ४ पतंग अडकले, पुढच्या आठवड्यात ६, मग ९, मग १३-१४, मग २०, मग ३०. फरक २, ३, साडेचार, पावणेसात असा चढत जातो. पट मात्र दर आठवड्याला दीडच्या आसपास. पट स्थिर आणि फरक वाढता, ही एक्सपोनेन्शियल वाढीची खूण. अशा वाढीत जे आहे तेच पुढचं घडवतं. जितके पतंग जास्त, तितकी अंडी जास्त. बचत गटाच्या पेटीतली नोट दुसऱ्या नोटेला जन्म देत नाही.

एक पथ्य पाळा. दोनच आकड्यांवरून हा शब्द वापरू नका. गेल्या वर्षी ५० अर्ज आले होते, यंदा २०० आले, यावरून वाढ सरळ की घातांकी हे कळूच शकत नाही, कारण पट काढायला एकच जोडी आहे. निदान चार-पाच आकडे हवेत. बातमीत दोनच आकडे देऊन एक्सपोनेन्शियल म्हटलेलं दिसलं, तर तो शब्द तिथे सैल वापरला आहे असं समजा. इंग्रजी शब्दकोश ‘अधिकाधिक वेगानं’ असा सैल अर्थही नोंदवतात, त्यामुळे बोलण्यात ती चूक धरली जात नाही. परीक्षेच्या निबंधात, अहवालात किंवा ग्रामसभेत आकडे मांडताना मात्र नेमकेपणा ठेवावा.

पायरी ३: दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते काढा

पट कळली की माणसाला समजेल अशा भाषेत ती सांगायची. त्यासाठी ७२ चा नियम आहे. वाढीचा टक्का घ्या आणि ७२ ला त्यानं भागा. उत्तर म्हणजे दुप्पट व्हायला लागणारा अंदाजे काळ. वर्षाला १२ टक्के असेल तर ६ वर्षं. लहान टक्क्यांना हा नियम चांगला बसतो. वर सापळ्याच्या उदाहरणात आठवड्याला ५० टक्के वाढ आहे, तिथे तो चुकतो, तिथे सरळ कॅल्क्युलेटरवर गुणून पाहावं.

हा नियम कर्जाला लावून बघा. गावात खासगी कर्ज ‘शेकडा पाच’नं मिळतं, म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये. ऐकायला पाच हा आकडा लहान वाटतो. ७२ भागिले ५ म्हणजे साडेचौदाच्या आत. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर सव्वा वर्षाच्या आतच रक्कम दुप्पट. दहा हजार रुपये घेतले असं धरा. नुसतं सरळ व्याज असतं तर वर्षाला १६,००० देणं झालं असतं. चक्रवाढीनं ते साधारण १७,९६० होतं. इथवर फार फरक वाटत नाही, आणि इथेच माणूस गाफील राहतो. दोन वर्षांनी सरळ व्याजानं २२,००० आणि चक्रवाढीनं ३२,२५० च्या आसपास. तीन वर्षांनी सरळ २८,००० आणि चक्रवाढीनं जवळपास ५७,९००. एक हंगाम गेला, दुसरा गेला, तेवढ्यात घेतलेल्या रकमेच्या पावणेसहा पट.

म्हणून कर्ज घेताना ‘व्याज किती’ एवढंच विचारून थांबू नका. ‘थकलं तर व्याज मुद्दलात धरणार का, आणि किती महिन्यांनी’ हे स्पष्ट विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. दामदुप्पट हा आपल्याकडचा फार जुना नियम आहे: व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही हे बंधन आहे, आणि शेकडा पाच महिना हा दर त्या कायद्याच्या चौकटीत बसत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. दामदुप्पट म्हणजे या वाढीला जुन्या लोकांनी घातलेला धुरा, म्हणजे शेताचा बांधच आहे.

पायरी ४: पऱ्हाटीत उतरून पाहा

विदर्भात हा शब्द शिकायला गुलाबी बोंडअळीसारखं दुसरं उदाहरण नाही. २०१७ च्या हंगामात तिनं इथल्या बीटी कपाशीचं जे केलं ते आजही घराघरात आठवतं. अळी एका रात्रीत आली असं तेव्हा सगळे म्हणत होते. ती एका रात्रीत आली नव्हती. ती महिन्यांपासून पटीनं वाढत होती, दिसण्याइतकी मोठी फक्त शेवटी झाली.

हिशेब असा. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण एक महिना लागतो. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते. त्यातली बहुतेक मरतात. समजा एका जोडीमागे फक्त १० जगली. म्हणजे एका पिढीत पाच पट. ऑगस्टमध्ये वावरात शंभर असतील तर सप्टेंबरला पाचशे, ऑक्टोबरला अडीच हजार, नोव्हेंबरला साडेबारा हजार. ऑगस्टमध्ये धुऱ्यावरून विचारलं तर उत्तर येतं, “काई नाई ना भाऊ, चार-दोन डोमकळ्या हायेत.” त्या चार-दोन डोमकळ्यांमध्येच नोव्हेंबरचा आकडा दडलेला असतो. न उमलता पाकळ्या आत गुंडाळून बसलेलं फूल म्हणजे डोमकळी. ती हातानं उकला, आत परागात तोंड खुपसून बसलेली बारीक अळी दिसेल. अशी फुलं तोडून नष्ट करायला या टप्प्यावर मजूर लावायचीही गरज नसते.

फवारणीचा निर्णय अंदाजावर घेऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा वावरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून २ मध्ये अळी सापडली, तर उपाय करायचा. आमच्या उदाहरणातला सापळा पहिल्या आठवड्यात ४ वर होता, तिसऱ्यात ९ वर. दोन आठवडे दुर्लक्ष झालं की मर्यादा ओलांडलेली असते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हंगामात सल्ले देत असतात. औषध कोणतं आणि किती, हे तिथून किंवा कृषी सहायकाकडून घ्यावं. आणि फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे घालावेत. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे कोणी विसरू नये.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेलं कपाशीचं पीक, का ठेवू नये, हेही याच हिशेबानं पटतं. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला आणखी एक पिढी मिळते. एक पिढी म्हणजे पाच पट. उलट, पीक वेळेवर काढलं, पऱ्हाट्या वावरातून हलवल्या, की शेवटचा गुणाकार टळतो आणि पुढच्या हंगामाची सुरुवात लहान आकड्यापासून होते. असल्या वाढीत आपल्या हाती दोनच गोष्टी असतात: सुरुवातीचा आकडा आणि गुणाकार किती वेळा होऊ द्यायचा. चार क्विंटल कापसाच्या लोभापायी दोन्ही हातच्या जातात.

पायरी ५: ही वाढ कुठे थांबते ते विचारा

कोणतीच घातांकी वाढ कायम टिकत नाही. अन्न, जागा किंवा गिऱ्हाईक संपतं. बेल्जियमचे गणिती पियेर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्येच अशा अडणाऱ्या वाढीचं सूत्र मांडलं होतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत जलपर्णी शिरली की हे डोळ्यांनी दिसतं. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पाव तलाव झाकलेला दिसतो तेव्हा लोक म्हणतात, पाऊण तलाव मोकळा आहे. पण दोनदा दुप्पट होणं एवढंच बाकी असतं, म्हणजे एक महिना. ती काढायची तर कोपऱ्यात असतानाच काढावी लागते. पूर्ण झाकल्यावर वाढ आपोआप थांबते, पण तोवर मासेमारीही थांबलेली असते.

साखळी योजनांनाही हाच प्रश्न विचारा. एजंट सांगतो, तुम्ही पाच जण जोडा, ते पाच-पाच जोडतील, उत्पन्न एक्सपोनेन्शियल. कॅल्क्युलेटर काढा आणि ५ ला ५ नं गुणत चला. अकराव्या थरावर ४ कोटी ८८ लाख माणसं लागतात, बाराव्यावर २४ कोटी ४१ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे बाराव्या थराला अख्खा महाराष्ट्र दोनदा जोडला तरी पुरत नाही. अशा मनी सर्क्युलेशन योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. पोरापोरींनी हा गुणाकार घरच्यांसमोर करून दाखवावा. भाषणापेक्षा तो लवकर पटतो.

पायरी ६: जवळचे शब्द वेगळे ठेवा

इंग्रजीत वाढीला बरेच शब्द आहेत, आणि परीक्षक तेच गोंधळात टाकायला वापरतात. ‘सर्ज’ म्हणजे अचानक उसळी, जी ओसरूही शकते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तो सर्ज. नंतर भाव उतरले. त्याला एक्सपोनेन्शियल म्हणणं चूक, कारण भावानं भाव जन्माला घातला नव्हता, माल कमी आणि मागणी जास्त होती. ‘बूम’ म्हणजे धंद्याला आलेला तेजीचा काळ. ‘मशरूमिंग’ म्हणजे जिकडेतिकडे उगवणं. आपण कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लास उगवले म्हणतो, तेच. ‘बर्जनिंग’ हा त्यातला गोड शब्द. तो कोंब फुटण्यावरून आला आहे, म्हणून नव्यानं, जोमानं बहरणाऱ्या गोष्टीला शोभतो. गावात नुकत्या सुरू झालेल्या दुग्धव्यवसायाला बर्जनिंग म्हणा, अळीला नको.

लोकसंख्येबद्दल लिहिताना जरा जपून. ‘एक्सपोनेन्शियली वाढणारी लोकसंख्या’ हे वाक्य निबंधात सवयीनं लिहिलं जातं. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण १२ लाख ३७ हजार होती आणि २०११ मध्ये १३ लाख. दहा वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास वाढ. वाढ मंद आहे, आणि तिची रीत कोणती हे या दोन आकड्यांवरून कळतही नाही. पट न तपासता ते वाक्य लिहिणं म्हणजे न बघता लिहिणं.

शब्द चपखल बसतो तो साथीच्या रोगाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अचलपूर भागात लवकर दिसली आणि तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. एक रोगी अनेकांना, ते पुन्हा अनेकांना, हा पटीचा हिशेब असल्यामुळे रुग्ण थोडे असतानाच पावलं उचलावी लागतात. ‘केसेस रोझ (rose, म्हणजे वाढल्या) एक्सपोनेन्शियली इन फेब्रुवारी’ हे वाक्य अशा जागी बरोबर आहे.

पायरी ७: स्वतःचं एक पान भरा

वावरात कामगंध सापळा असेल तर तोच घ्या. नसेल तर घरच्या शेळ्यांची गेल्या पाच-सहा वर्षांची संख्या किंवा सोसायटीतल्या कर्जाचा उतारा चालेल. तारीख, आकडा, फरक, पट असे चार रकाने आखा. सापळ्याचा आकडा रोज सकाळी मोजा आणि आठवड्याची सरासरी लिहा, कारण वारा-पावसानं एखाद्या रात्रीचा आकडा फसवतो. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, पाकिटावरच्या मुदतीत बदला आणि बदलल्याची तारीख त्याच पानावर टाका. जुन्या ल्यूरमुळे पतंग कमी आले तर अळी कमी झाली असा चुकीचा अर्थ निघेल. सहा आठवडे झाले की पट बघा. ती १ च्या वर आणि साधारण स्थिर असेल तर खाली लिहा: एक्सपोनेन्शियल, इतक्या आठवड्यांत दुप्पट. फरक स्थिर असेल तर लिहा: सरळ वाढ. दोन्ही हलते असतील तर कोणताच शब्द न लिहिता आणखी चार आठवडे मोजा.